मक्ता आणि कर्तव्य

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. संकट एकीकडे आणि त्यावरचा उपाय भलतीकडे, हा तिचा सरळ अर्थ. म्हणीतला ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. पाणी उपसण्याच्या यंत्राला त्या भाषेत ‘बोंबा’ म्हणतात. यंत्र आले आणि त्याचे नावही आले. परंतु ते योग्य घरी योग्य वेळी कसे पोचावे, हा प्रश्न काही यंत्राबरोबर सुटून आला नाही. तो प्रश्न यंत्रविद्येचा नव्हेच. बंब कोणाचा, त्याचा खर्च कोण सोसतो, तो कोणाच्या हुकमाने निघतो आणि उशीर झाल्यास जाब कोण विचारतो, या गोष्टींवर त्याचे उत्तर अवलंबून असते. आगीच्या बंबाला जे लागू, तेच रुग्णवाहिकेलाही लागू आहे.

आपल्या रक्षणाची सोय गावाला दोन प्रकारे करता येते. स्वतः माणसे नेमून त्यांना पगार द्यावा, हा एक प्रकार. आणि ते काम एखाद्या संस्थेला मक्त्याने द्यावे, हा दुसरा. मक्ता ही काही नवी गोष्ट नाही. जकातीचा मक्ता असे, नदीवरच्या तरीचाही असे. परंतु तर उशिरा आली तर उतारू काठावर खोळंबून राहतो, एवढेच. बंब उशिरा आला तर घर जाते आणि रुग्णवाहिका उशिरा आली तर माणूस जातो. शिवाय गिऱ्हाइकाने बाजारात घासाघीस करावी, तशी सवड येथे नसते. ज्याचे घर पेटले आहे, त्याला भाव ठरविण्याची ताकद उरत नाही.

ही गोष्ट प्राचीन रोममध्ये एका धनिकाने ओळखली होती. क्रॅसस हा पेटलेली घरे आणि त्यांच्या शेजारची धोक्यात आलेली घरे पडेल किमतीला विकत घेत असे आणि पदरी ठेवलेल्या गवंडी-कारागीर गुलामांकडून ती पुन्हा उभी करीत असे, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. पुढे इ. स. ६ मध्ये सम्राट ऑगस्टसने सात तुकड्यांचे सरकारी पहारेकरी दल उभारले आणि रोमचे चौदा विभाग त्यांना वाटून दिले. एकाने आगीत व्यापार पाहिला, तर दुसऱ्याने राज्याचे काम पाहिले. पुढच्या काळात या दोन दृष्टींमधली ओढाताण जितकी स्पष्टपणे लंडन शहरात दिसते, तितकी ती क्वचितच दुसरीकडे दिसेल.

१६६६ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या पुडिंग लेनमधील एका भटारखान्यात आग लागली आणि चार-पाच दिवसांत सुमारे १३,००० घरे आणि सेंट पॉलचे जुने मंदिर जळून खाक झाले. या अनुभवातून आगीच्या विम्याचा धंदा जन्माला आला. निकोलस बार्बन या गृहस्थाने १६८० च्या सुमारास पहिली कचेरी काढली. तिच्यामागून ‘हँड-इन-हँड’, ‘सन’ अशा आणखी कचेऱ्या निघाल्या. घर जळाले तर पैसे भरून द्यावे लागणार, म्हणजे घर वाचण्यात कचेरीचाच फायदा. हा हिशेब ओळखून कंपन्यांनी स्वतःचे बंब बाळगले आणि थेम्स नदीवरचे नावाडी कामावर ठेवले. नावाडी अंगाने धट्टेकट्टे, दोरखंड आणि पाणी यांना सरावलेले. त्यांना कंपनीचा रंगीत गणवेश आणि बाहूवर बिल्ला मिळे. पण एरवी ते आपली होडी वल्हवीत आणि आगीची वर्दी आली की धावत. या नावाड्यांपैकी ठरावीक संख्येच्या लोकांना आरमारात सक्तीने धरून नेऊ नये, अशी सवलत १७०७ च्या कायद्याने दिली होती.

विमा उतरलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर कंपनीच्या खुणेचा शिशाचा पत्रा ठोकलेला असे. सूर्य, एकमेकांत गुंफलेले हात अशी चित्रे त्यावर असत. पत्रा नसलेल्या घरापाशी बंबवाले स्वस्थ उभे राहून ते जळू देत, अशी एक गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. गोष्ट चटकदार आहे. परंतु तिला जुन्या कागदपत्रांत फारसा आधार सापडत नाही. ते साहजिकही आहे. गल्ल्या अरुंद, घरे भिंतीला भिंत लावून उभी. आज बिनविम्याचे घर जळू दिले, तर घटकाभरात शेजारचे विम्याचे घर पेटणार. म्हणून बंबवाले बहुधा दोन्ही घरे विझवीत. पण येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. बिनविम्याचे घर वाचत होते, ते शेजाऱ्याच्या विम्याच्या आश्रयाने. त्या घरातील माणसाला मदत मिळे, पण ती हक्काने मागण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती.

चर्चच्या हद्दीप्रमाणे पडलेल्या वस्त्यांनी, म्हणजे पॅरिशांनी, आपापला बंब ठेवावा, असेही त्याच कायद्याने फर्माविले होते. आगीपाशी सर्वांत आधी पोचणाऱ्या बंबाला ३० शिलिंग, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १० शिलिंग बक्षीस ठरलेले होते. वक्तशीरपणाला पैशाची जोड देण्याचा हा प्रयत्न होता आणि कल्पना वाईट नव्हती. परंतु बक्षीस पोचण्याबद्दल होते, विझविण्याबद्दल नव्हते. बंब चालविणाऱ्यांना शिक्षण द्यावे, नळी फाटली असेल तर वेळीच सांधून ठेवावी, यासाठी कोणालाच काही मिळत नसे. ज्या गोष्टीचा मोबदला ठरविला असेल तीच गोष्ट होते आणि बाकीच्या मागे पडतात, हा मक्त्याच्या व्यवहारातला जुना अनुभव लंडनलाही आला.

या विस्कळीत कारभाराला शिस्त आली ती १८३३ मध्ये. त्या वर्षी दहा विमा कंपन्यांनी आपापले बंब एकत्र करून ‘लंडन फायर एंजिन एस्टॅब्लिशमेंट’ नावाचे एकच दल उभारले आणि त्याच्या प्रमुखपदी एडिंबरोच्या जेम्स ब्रेडवुड याला बोलाविले. ब्रेडवुड हा या विद्येचा खरा आचार्य म्हटला पाहिजे. १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्याच्याकडे एडिंबरोच्या नगरदलाचे प्रमुखपद आले होते. रस्त्यावर उभे राहून ज्वाळांवर पाणी उडवीत बसू नये. आत शिरावे आणि आगीच्या मुळावर पाणी मारावे, ही त्याची शिकवण. त्यासाठी तो आपल्या माणसांकडून कसून कवायत करून घेई. लंडनमध्ये त्याला सुमारे ऐंशी कायमचे पगारी लोक मिळाले. एवढ्या अफाट शहराला ऐंशी माणसे! पण कंपन्यांनी आपल्या गरजेपुरते दल ठेवले होते आणि शहराची गरज मोजणे हे त्यांचे काम नव्हते.

दुसऱ्याच वर्षी, १८३४ च्या ऑक्टोबरात, पार्लमेंटच्या इमारतीला आग लागली. जुन्या हिशेबाच्या लाकडी पट्ट्या भट्टीत जाळीत असताना ती भडकली. त्या इमारतीचा विमा नव्हता. तरीही ब्रेडवुडची माणसे रात्रभर झुंजली आणि वेस्टमिन्स्टर हॉल वाचला. देशाचे कायदे ज्या घरात होत असत, ते घर वाचविण्याची कायदेशीर जबाबदारी देशातल्या कोणत्याही सार्वजनिक दलावर नव्हती. विमा कंपन्यांची नोकरमंडळी आपण होऊन धावली म्हणून काम निभावले. एवढे होऊनही पार्लमेंटला जाग आली नाही. खासगी संस्था काम करीतच आहे, मग सरकारने खर्चात कशाला पडावे, हा विचार प्रबळ ठरला.

आणखी एक उणीव याहून गंभीर होती. विमा मालाचा होता, माणसाचा नव्हता. वरच्या मजल्यावर अडकलेल्यांना खाली आणण्यासाठी चाकांवरच्या उंच शिड्या लागत. त्या ठेवण्याचे काम कंपन्यांच्या हिशेबात बसेना. ते काम १८३६ मध्ये स्थापन झालेल्या एका धर्मादाय संस्थेने उचलले. या संस्थेच्या शिड्या रात्री ठरलेल्या चौकांत उभ्या असत आणि प्रत्येकीपाशी एक पहारेकरी असे. संस्था वर्गणीवर चाले. म्हणजे त्या काळच्या जगातील सर्वांत श्रीमंत शहरात कापसाच्या गाठी वाचविण्यास पगारी दल होते आणि मुलेबाळे वाचविण्यास वर्गणीची पेटी होती. हे कोणाच्या दुष्टपणामुळे झाले नाही. मक्ता ज्या कलमांवर उभा होता, त्यांत माणसाच्या जिवाचे कलमच नव्हते.

ही व्यवस्था २२ जून १८६१ रोजी कोसळली. त्या शनिवारी थेम्सच्या दक्षिण तीरावर टूली स्ट्रीटलगतच्या वखारींना आग लागली. आत ताग, कापूस, साखर, चहा आणि चरबी यांचे ढीग होते. वखारींच्या दालनांमध्ये आग रोखण्यासाठी लोखंडी दारे बसविलेली होती. पण ती उघडीच राहिली होती. वितळलेली चरबी पेटून नदीच्या पाण्यावर वाहू लागली. संध्याकाळी ब्रेडवुड आपल्या थकलेल्या माणसांना धीर देत असताना एक भिंत फुटून अंगावर कोसळली आणि तो तिच्याखाली गाडला गेला. ढिगारा इतका तापलेला होता की त्याचा देह काढण्यास काही दिवस लागले. आग पुरती विझण्यास दोन आठवडे गेले आणि नुकसानीचा अंदाज वीस लाख पौंडांच्या घरात गेला. ब्रेडवुडच्या अंत्ययात्रेला सारे लंडन लोटले होते.

त्यानंतर विमा कंपन्यांनी हप्ते भरमसाट वाढविले आणि १८६२ मध्ये सरकारला कळविले की, साऱ्या शहराच्या रक्षणाचा भार यापुढे आम्हांस झेपणार नाही. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. त्यांनी शहराशी असा करार कधी केलाच नव्हता. शहरानेच तसे गृहीत धरले होते. पार्लमेंटने चौकशीसमिती नेमली आणि १८६५ मध्ये ‘मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड’चा कायदा केला. १ जानेवारी १८६६ पासून दल सार्वजनिक झाले आणि कॅप्टन मॅसी शॉ त्याचा प्रमुख झाला. त्या कायद्यातील खर्चाची वाटणी आजही मननीय वाटते. घरपट्टीतून पौंडामागे अर्धा पेनी, सरकारकडून वर्षाला १०,००० पौंड, आणि विमा कंपन्यांकडून त्यांनी उतरविलेल्या विम्याच्या दर दहा लाख पौंडांमागे ३५ पौंड. ज्यांना लाभ होत होता त्या सर्वांनी वाटा उचलला. परंतु हुकूम आणि जबाबदारी एकाच ठिकाणी आली. पुढच्याच वर्षी धर्मादाय संस्थेच्या शिड्याही या दलाकडे आल्या. माल आणि माणूस यांचे रक्षण प्रथमच एका छत्राखाली आले.

मुंबईचा मार्ग थोडा निराळा होता. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटाच्या आत मोठी आग झाली. त्यानंतर पुष्कळ वर्षे आग विझविण्याचे काम पोलिसांकडे होते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने अग्निशामक दल ठेवणे हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरविले आणि त्या कलमात मालमत्तेबरोबर जिवाच्या रक्षणाचाही उल्लेख केला. कायद्यातील या शब्दांचे मोल १४ एप्रिल १९४४ रोजी कळले. गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाला आग लागली आणि त्याच जहाजात दारूगोळाही होता. मुंबईच्या दलाचे ६६ लोक त्या स्फोटांत कामी आले. माल कोणाचा, विमा कोणाचा, हे विचारण्याचा प्रसंग त्या जवानांवर आला नाही. त्यांचे कर्तव्य आधीच लिहिलेले होते. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आगीच्या बाबतीत जे शहाणपण एकोणिसाव्या शतकात आले, ते आजारी आणि जखमी माणसाच्या बाबतीत येण्यास आणखी शंभर वर्षे लागली. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने एक अहवाल प्रसिद्ध केला. आदल्या वर्षी त्या देशात अपघातांनी १,०७,००० माणसे दगावली होती. रुग्ण नेणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे निम्म्या गाड्या अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या दुकानदारांच्या होत्या, असे त्या अहवालाने दाखविले. कारण अगदी साधे होते. माणूस आडवा झोपवून नेता येईल एवढी लांब गाडी गावात त्यांच्यापाशीच असे. जी गाडी सकाळी रुग्णाला नेई, तीच दुपारी शवपेटी वाही. गाडीत वैद्यकीय शिक्षण घेतलेला माणूस असावा, ही अपेक्षा कोणी लेखी केली नव्हती. म्हणून तो नसे.

पिट्सबर्ग शहरात हे काम पोलीस करीत. रुग्णाला पोलिसांच्या गाडीत मागे ठेवावे, दोघा शिपायांनी पुढे बसावे आणि गाडी इस्पितळाकडे भरधाव सोडावी, अशी रीत होती. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर पोलीस उशिरा येत, किंवा येतच नसत. १९६६ च्या नोव्हेंबरात शहराचे माजी महापौर आणि राज्याचे माजी राज्यपाल डेव्हिड लॉरेन्स एका सभेत कोसळले. तेही पोलिसांच्या गाडीतूनच इस्पितळात गेले. पण तोवर मेंदूला इजा झाली होती आणि काही दिवसांनी ते मरण पावले. हृदय थांबल्यावर मेंदूला रक्त न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत इजेला सुरुवात होते. त्या मिनिटांपुढे पदाचा मान चालत नाही, हे शहराने पाहिले.

त्याच शहरात पीटर सफार हे डॉक्टर होते. व्हिएन्नात जन्मलेले, भूलशास्त्रात पारंगत आणि तोंडाने श्वास देऊन माणसाला जगविण्याच्या पद्धतीचे एक प्रवर्तक. त्याच वर्षी त्यांची स्वतःची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली होती. एका वैद्यकीय निधीचे प्रमुख फिल हॅलन आणि हिल डिस्ट्रिक्टमधील ‘फ्रीडम हाउस’ ही संस्था यांच्याबरोबर सफार यांनी १९६७ मध्ये एक योजना आखली. वस्तीतल्याच बेकार तरुणांना निवडावे आणि त्यांना रुग्णवाहिकेवरचे पूर्ण शिक्षण द्यावे. पहिल्या तुकडीतील बऱ्याच जणांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. त्यांनी सुमारे ३०० तासांचा अभ्यासक्रम पुरा केला. शरीररचना, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, हृदयावर दाब देणे, रक्तस्राव थांबविणे हे सारे ते शिकले. १९६८ मध्ये शहराच्या मक्त्यावर त्यांची सेवा सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी ती सुमारे ५,८०० हाकांना धावली. रस्त्यावरच उपचार सुरू करणाऱ्या सेवेचा तो एक आरंभीचा नमुना होता. १९७४ मध्ये नॅन्सी कॅरोलाइन या तरुण डॉक्टरीणबाई वैद्यकीय प्रमुख झाल्या. त्यांनी या पथकाच्या अनुभवावर जो अभ्यासक्रम रचला, तो पुढे साऱ्या अमेरिकेला उपयोगी पडला.

एवढी उत्तम सेवा. तरी तिचा मक्ता टिकला नाही. १९७० मध्ये आलेल्या नव्या महापौरांना ही व्यवस्था मान्य नव्हती. मक्त्याच्या रकमेत काटछाट झाली, बिले रखडू लागली आणि शहराच्या इतर भागांत सेवा वाढविण्याची परवानगी मिळेना. मात्र गोऱ्या वस्त्यांतील लोकही विचारू लागले की, हिल डिस्ट्रिक्टला मिळते तशी सेवा आम्हांस का नाही? अखेर १९७५ मध्ये शहराने स्वतःचे पथक उभारले आणि ऑक्टोबरात ‘फ्रीडम हाउस’चे काम बंद पडले. जुन्या माणसांना नव्या पथकात घेण्याचे आश्वासन कॅरोलाइन यांनी मिळविले होते. परंतु नव्या परीक्षा आणि नव्या नियमांच्या रेट्यात त्यांपैकी पुष्कळ जण टिकू शकले नाहीत. जॉन मून यांच्यासारखे थोडे राहिले आणि वरच्या पदापर्यंत चढले. सेवा सार्वजनिक झाली, हे लंडनप्रमाणेच घडले. पण ज्यांनी ती घडविली त्यांचे ऋण शहराने नीट फेडले नाही. मक्ता कोणत्या कसोटीवर चालू राहील आणि कोणत्या कसोटीवर मोडेल, हे जेथे लिहिलेले नसते, तेथे चांगल्या कामालाही संरक्षण नसते, हा पिट्सबर्गचा धडा आहे.

अशी कसोटी कागदावर आणण्याचे काम त्याच दशकाच्या अखेरीस तुल्सा आणि कॅन्सस सिटी या शहरांत झाले. जॅक स्टाउट या अर्थशास्त्रज्ञाने मांडलेली योजना अशी की, सेवेवरची मालकी लोकांच्या संस्थेकडे राहावी. गाड्या, दूरध्वनीकेंद्र आणि हिशेब तिच्या ताब्यात असावेत. माणसे आणि रोजचा कारभार तेवढा मक्तेदाराने पाहावा. मक्तेदार बदलला तरी दुसऱ्या दिवशी गाडी निघालीच पाहिजे. आणि पैसे द्यावयाचे ते ठरलेल्या वेळात पोचण्याबद्दल, चुकल्यास दंड.

या वेळेच्या मोजणीत एक गोम आहे. समजा, दहा ठिकाणांहून हाका आल्या. नऊ ठिकाणी गाडी पाच मिनिटांत पोचली आणि दहाव्या ठिकाणी पंचेचाळीस मिनिटांनी. सरासरी निघते नऊ मिनिटे. कागदावर हा आकडा वाईट दिसत नाही. पण दहाव्या घरात काय झाले असेल, ते आकडा सांगत नाही. म्हणून सरासरी न घेता, शंभरपैकी नव्वद हाकांना अमुक मिनिटांच्या आत पोचले पाहिजे, अशी अट घालण्याची पद्धत पडली. तीही पुरेशी नाही. उरलेल्या दहा हाका एकाच दूरच्या, गरीब वस्तीतल्या असू शकतात. म्हणून मोजणी विभागवार हवी. घड्याळ कधी सुरू करावयाचे, हेही ठरवून ठेवावे लागते. दूरध्वनी खणाणला तेव्हापासून की गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हापासून? रुग्णाचे घड्याळ त्याआधीच सुरू झालेले असते. आणि वेळेत पोचलेल्या माणसाने पोचून काय केले, हेही डॉक्टरांनी तपासावयास हवे. नाहीतर लंडनच्या ३० शिलिंगांची गोष्ट पुन्हा घडते.

मक्त्याने उत्तम सेवा मिळतच नाही, असे मात्र समजू नये. डेन्मार्कमध्ये १८८४ साली क्रिस्टियान्सबोर्ग राजवाडा जळाला, तेव्हा सोफस फाल्क हा वीस वर्षांचा तरुण मदतीला होता. तेथील गोंधळ पाहून त्याने पुढे १९०६ मध्ये एक मदतदल काढले. विसाव्या शतकात त्या देशातील अनेक नगरांनी आपली आग आणि रुग्णवाहिका यांची कामे याच संस्थेकडे करारावर सोपविली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या नीट चालली. पण त्याच देशात २०१४ मध्ये दक्षिण डेन्मार्कच्या प्रांताने रुग्णवाहिकांचा मोठा मक्ता एका नव्या परदेशी कंपनीला दिला. जुन्या संस्थेची प्रशिक्षित माणसे नव्या कंपनीकडे गेली नाहीत, मनुष्यबळ अपुरे पडले आणि २०१६ च्या जुलैत कंपनीचे दिवाळे वाजले. प्रांताला काम स्वतःकडे घ्यावे लागले. या स्पर्धकाविरुद्ध अपप्रचाराची मोहीम चालवून फाल्कने बाजारातील आपल्या वरचढ स्थितीचा गैरवापर केला, असा निर्णय २०१९ मध्ये डेन्मार्कच्या स्पर्धा मंडळाने दिला. एकाच मक्तेदारावर वर्षानुवर्षे विसंबले की त्याच्यावाचून पान हलेनासे होते. आणि घाईने दुसरा आणला की त्याच्यापाशी माणसे नसतात. दोहोंच्या मध्ये गावाने आपली स्वतःची जाणकारी शाबूत ठेवणे, एवढाच उपाय उरतो.

भारतात या प्रश्नाला न्यायालयाने आधी वाचा फोडली. जखमी माणूस दारात आला तर कागदपत्रांची वाट न पाहता प्रत्येक डॉक्टरने त्याला वाचविण्याचा प्रयत्न केला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या खटल्यात दिला. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. आगगाडीतून पडून जबर जखमी झालेल्या एका शेतमजुराला सरकारी इस्पितळांनी एकामागून एक परत पाठविले होते. तातडीची मदत न देणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सरकारला सबब म्हणून सांगता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. लंडनच्या बिनविम्याच्या घरमालकाला जे लाभले नव्हते, ते भारतातील शेतमजुराला तत्त्वतः तरी लाभले. मदत हा त्याचा हक्क ठरला.

तत्त्व रस्त्यावर आणण्यासाठी मक्ताच कामी आला. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत ‘१०८’ या क्रमांकाची सेवा सुरू झाली. ती एका उद्योगपतीने काढलेल्या संस्थेकडे होती. खर्चाचा बहुतेक भार मात्र लवकरच राज्य सरकार उचलू लागले आणि रुग्णाकडून भाडे घेतले जात नसे. २००९ च्या जानेवारीत त्या उद्योगपतीच्या ‘सत्यम’ कंपनीतील हिशेबाचा मोठा घोटाळा उघडकीस आला. आश्रयदाता नाहीसा झाला, तरी गाड्या थांबल्या नाहीत. त्याच वर्षी संस्थेची धुरा दुसऱ्या उद्योगसमूहाने घेतली. टूली स्ट्रीटनंतर लंडनच्या कंपन्यांनी हात वर केले, तेव्हा शहराला नवी व्यवस्था उभारण्यास चार वर्षे लागली होती. येथे ती अडचण आली नाही, याचे मुख्य कारण हे की सेवेमागे सरकारचा पैसा आणि सरकारचा शब्द उभा होता. महाराष्ट्रात २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी हीच सेवा मक्त्याने सुरू झाली. त्या वेळी ९३७ रुग्णवाहिकांची योजना होती आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा, हे तिचे वैशिष्ट्य होते.

अग्निशमन हा विषय १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरसंस्थांकडे सोपविता येणाऱ्या कामांच्या यादीत, आला. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याने उंच आणि गर्दीच्या इमारतींतील आग-प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकांवर आणि भोगवटादारांवर टाकली. परवानाधारक संस्थेकडून तसे प्रमाणपत्र घेऊन ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावे लागते. हाही एक लहानसा मक्ताच आहे. टूली स्ट्रीटच्या वखारींत लोखंडी दारे होती. ती बंद ठेवलेली आहेत की नाहीत, हे पाहणारे कोणी नव्हते. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने नळाला पाणी येते की नाही हे खरोखर पाहिले काय, जिन्यातली अडगळ काढली काय, हे विचारणारा नागरिक त्या इमारतीत असेल, तरच त्या कागदाला अर्थ राहील.

दोन हजार वर्षांच्या या इतिहासात काम कधी मक्तेदाराने केले, कधी सरकारी नोकराने, आणि दोघांनीही ते चांगले किंवा वाईट केल्याचे दाखले आहेत. निकाल लागला तो दुसऱ्याच गोष्टीवर. कोणाला वाचवावयाचे, किती वेळात वाचवावयाचे, आणि मक्तेदार उद्या उठून गेला तर पुढे काय, हे ज्या गावाने स्वतः ठरवून लिहून ठेवले, त्या गावाला मक्ता उपयोगी पडला. ज्याने ते मक्तेदारावर सोडले, त्याला एखाद्या शनिवारी त्याची किंमत मोजावी लागली. बंब दुसऱ्याचा असला तरी चालेल; पण आग कोठे लागली आहे, याचे भान रामेश्वरच्या लोकांनीच ठेवले पाहिजे.